मावशीची ओळ

"मावशी, रजिस्टराप्रमाणे तू मेलेली आहेस," मोजणीदार म्हणाला आणि त्यानं वाटाण्यांचा वाडगा तिच्यापुढे सरकवला.

रविवारची दुपार होती. टेबलाशी चौघंच होती: मोजणीदार, त्याची बायको, त्याची आई म्हणजे थोरली, आणि थोरलीची धाकटी बहीण. धाकटीनं दोन डाव भरून वाटाणे घेतले, वर मीठ भुरभुरलं आणि मगच मान वर केली.

"कधी?"

"काय कधी?"

"कधी मेले म्हणते मी? कपडे बिपडे काळे घालायचे तर तयारी नको करायला?"

"चेष्टा नाही, मावशी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. दफनाच्या रजिस्टरात. तेच नाव, तेच आईबाप, हेच घर. वय सहा आठवडे."

थोरलीच्या हातातला पाव अर्धा तुटून तसाच राहिला. हे फक्त सुनेनं पाहिलं.

आता मोजणीदार हा काही दुष्ट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. त्याला सगळं फक्त चौकटीत लागायचं. जन्मभर त्यानं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या, आणि आता निवृत्ती तोंडावर आल्यावर घराण्याच्या हद्दी आखायला घेतल्या. सगळा हिवाळा तो चर्चच्या दप्तरखोलीत नाक खुपसून बसला होता. बाप्तिस्मे एका पुस्तकात, लग्नं दुसऱ्यात, दफनं तिसऱ्यात. एकेक पान उलटत त्यानं पणजोबाच्या आजोबापर्यंत मजल मारली होती, आणि त्याचा वंशवृक्ष आता जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत उतरून फ्रेमवाल्याकडे गेलाही होता. पुढच्या महिन्यात साऱ्या नातलगांना बोलावून तो भिंतीवर चढवायचा होता. थोरलीच्या चौकटीखाली मोजणीदार, मोजणीदाराखाली त्याची परगावी शिकणारी मुलगी. धाकटीच्या चौकटीखाली काही नाही. ती चौकट कशी स्वच्छ, बंद होती.

आणि नेमकी तीच उघडायला निघाली होती.

धाकटीनं उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात काढलं. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा, आणि तो ती असा काही दाबायची की शिकाऊ माणसाचं कपाळ काचेला टेकलंच म्हणून समजा. गाव तिला ब्रेकबाई म्हणायचं, तोंडावरसुद्धा. पंचाहत्तरी झाली तरी लग्न म्हणून केलं नव्हतं. आणि गेल्या महिन्यात ह्याच टेबलाशी तिनं जाहीर केलं की ती सूरमास्तरांशी लग्न करणार. सूरमास्तर म्हणजे चर्चचे ऑर्गन दुरुस्त करणारे विधुर गृहस्थ. आख्ख्या कारकिर्दीत तिनं एकाच विद्यार्थ्याला हात जोडून सांगितलं होतं, की बाबा, तुम्ही बसनंच फिरा, तो हाच.

लग्नासाठी फादरांना बाप्तिस्म्याच्या नोंदीची ताजी नक्कल लागते. बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी रुंद समास सोडलेला असतो, आणि माणसाचं लग्न लागलं की ते तिथे टिपतात. समास कोरा असला की माणूस मोकळा. मोजणीदार म्हणाला होता, मी रोज तिथेच बसतो, मीच आणतो नक्कल. त्यानं नक्कल आणली नाही. हे आणलं.

"हे बघ," तो काट्यानं टेबलक्लॉथवर रेघा ओढत समजावू लागला, "आईच्या पाठीवर आजीला एक मुलगी झाली. बाप्तिस्मा झाला, नोंद झाली. सहा आठवड्यांनी ती गेली, तीही नोंद झाली. मग तू झालीस. आजीनं तुला तेच नाव ठेवलं. पण तुझी नोंद कुठेही नाही. पुढची पाच वर्षं मी ओळ न् ओळ चाळली. म्हणजे आजवर तुझा म्हणून जो दाखला शाळेत गेला, नोकरीत गेला, तो तिचा होता. तुझा बाप्तिस्माच झालेला दिसत नाही, मावशी. आणि तो नसेल तर चर्चमध्ये लग्न नाही. मी फादरांना विचारलंय."

"तू फादरांना विचारलंस." धाकटीचा आवाज एकदम खाली आला. तिच्या विद्यार्थ्यांना हा आवाज ठाऊक होता. ह्याच्यानंतर ब्रेक यायचा. "मला सांगायच्या आधी?"

"विचारायला नको का?"

"मी तुझ्या समोर बसून वाटाणे खातेय, आणि तू गावभर माझं मयत सांगत सुटलास! अरे, तुला सायकल कोणी शिकवली? गुडघे फुटल्यावर हळद कोणी लावली? त्या सहा आठवड्यांच्या पोरीनं?"

"मी पुस्तकात काय आहे ते सांगितलं."

"मग पुस्तकालाच वाढ वाटाणे!" तिनं वाडगा त्याच्यापुढे आपटला. "आणि ऐकून ठेव. मी मेलेली असले तर फारच सोयीचं झालं. मेलेल्या माणसाला भाच्याची परवानगी लागत नाही." मग ती थोरलीकडे वळली. "ताई, माझ्या आधी कोणी होती?"

थोरलीनं पाव ताटात ठेवला. "जेवा आता. गार होतंय सगळं," ती म्हणाली, आणि स्वतः मात्र उठून स्वयंपाकघरात गेली.

सून तिच्यामागे गेली तेव्हा थोरली धुतलेलंच पातेलं पुन्हा घासत होती.

सुनेची इथे मोठी पंचाईत होती. ह्या घरात आल्यापासून ती सासूची होती. स्वयंपाकघर एक, दुपारचा चहा एक, नवऱ्याच्या तक्रारीही एकत्रच करायच्या. पण नवरा नको नको म्हणत असताना तिला गाडी शिकवली होती ती मावशीनं. आज ती स्वतःच्या कामाला स्वतः गाडी चालवत जाते, ते त्या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर. गेला महिनाभर ती लग्नाच्या विषयावर तोंड मिटून होती. तोंड मिटणं तिला चांगलं जमायचं, पण त्यालाही मर्यादा असतेच ना.

"आई, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"ती पहिली मुलगी. तुम्ही आठ वर्षांच्या असाल तेव्हा. तुम्ही दचकलात, पण तुम्हाला नवल नाही वाटलं."

"तुझं आपलं काहीतरीच. जा, त्यांना चहा विचार."

"पातेलं द्या इकडे. भोक पडेल त्याला."

थोरलीनं पातेलं दिलं नाही. पाण्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं, अर्थातच माहीत होतं. तो पाळणा, तो एका दुपारी माळ्यावर गेलेला पाळणा, आणि पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात खाली आलेला तोच पाळणा. आईनं तिला घातलेली शपथ. त्यानंतर ह्या घरात त्या पहिलीचा कोणी उच्चारही केला नाही. बापानं नाही, आईनं नाही, तिनं तर नाहीच. ती तोंड उघडायची नाही. उघडलं तर धाकटीचं लग्न लागेल, सामान बांधून ती सूरमास्तरांच्या घरी जाईल, आणि माडीवरच्या दोन खोल्यांत आपण एकट्याच उरू. सकाळी खिडकी उघडताना "ताई, उठलीस का गं, की गेलीस?" असं कोण विचारणार? मुलगा वर येऊन छताची गळती बघून जाईल. तो मोजून बघेल. बोलणार नाही.

"मला काही आठवत नाही," ती सुनेला म्हणाली.

"बरं," सून म्हणाली. पण ह्या वेळी तिनं तोंड मिटलं नाही. "मग मावशी खोट्या ठरतील, आई. तुमच्या देखत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चर्चमध्ये पोचली तेव्हा सूरमास्तरांचं अर्धं अंग ऑर्गनच्या पोटात होतं. बाहेर फक्त पाय आणि हत्यारांची पेटी.

"मास्तर, बाहेर या. तुमची नवरी मेली."

पाय हलले. धूळ माखलेलं टक्कल बाहेर आलं. "काय म्हणालात?"

तिनं सगळं सांगितलं. सांगताना दोनदा भाच्याला 'तो गाढव' म्हणाली. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि नको तिथेच अक्कल पाजळली. "म्हणजे तुम्ही दीडएक वर्षानं लहान निघालात की! मी म्हणतच होतो."

"मास्तर!"

"नाही, म्हणजे वाईट आहेच. पण बाई, चर्चमध्येच कशाला? सरकारी कचेरीत सही करू. एक शाई, दोन साक्षीदार, घरी येऊन चहा."

"सही करायची तर मी सत्तर ठिकाणी करीन. प्रश्न लग्नाचा राहिलाच नाही आता." धाकटी पायरीवर बसली. गुडघे दुखत होते, पण ते तिनं मास्तरांना अजून सांगितलं नव्हतं. "मला पुस्तकातून खोडलंय हो. खोडलंय कसलं, लिहिलंच नाही कधी. मी ह्या गावातल्या निम्म्या लोकांना रस्त्यावर आणलं, चांगल्या अर्थानं, आणि माझ्या नावाची एक ओळ नाही. जी आहे ती एका तान्ह्या पोरीची. तिचा वाढदिवस मी करते, तिच्या नावावर मी जगते. मला माझी ओळ पाहिजे. लग्न लागो न लागो."

मास्तर तिच्या शेजारी बसले. "लागो," ते म्हणाले.

"बरं, लागो. पण ओळ आधी."

फादरांच्या खोलीत लाकडी कपाट, लांब टेबल आणि टेबलावर चामडी पाठीची रजिस्टरं उघडी होती. फादर तरुण होते, आणि त्यांनाही गाडी तिनंच शिकवली होती. त्यामुळे ते तिला मॅडम म्हणत, आणि ती आत आली की नकळत पाठ ताठ करून बसत. मोजणीदार आधीच येऊन बसला होता. आणि त्याच्या शेजारी, थोरली.

थोरलीनं सकाळी उठून सुनेला सांगितलं होतं, मलाही यायचंय. सुनेनं गाडी काढली, वाटेत एक शब्दही विचारला नाही. मोजणीदाराला वाटलं, आई आपल्या बाजूनं आली. धाकटीलाही तसंच वाटलं. तिनं बहिणीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मॅडम, बसा ना."

"उभीच बरी आहे. बोला."

फादरांनी दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. मोजणीदार म्हणाला तसंच होतं. बाप्तिस्मा उन्हाळ्यातला, दफन सहा आठवड्यांनी. बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारचा समास कोरा. इतकी वर्षं ज्यानं ज्यानं ते पान उघडलं त्याला वाटलं, हिनं लग्न केलं नाही म्हणून कोरा. मधल्या काळात कोणी दफनाचं पुस्तक कशाला उघडावं?

"पण मार्ग आहे," फादर घाईनं म्हणाले. "अगदी सोपा. बाप्तिस्मा झाला की नाही ह्याची खात्री नसेल, तर अटीवर बाप्तिस्मा देता येतो. मी म्हणायचं, 'तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल तर,' आणि पाणी घालायचं. पाच मिनिटांचं काम. आज नोंद, उद्या लग्नाची तारीख."

मोजणीदारानं भुवया वर केल्या. हे त्याला ठाऊक नव्हतं. इतकी सोपी पळवाट असेल तर आपल्या शोधाचा काय उपयोग, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

मास्तर दारातून आनंदानं म्हणाले, "झालं की मग!"

"काही झालं नाही," धाकटी म्हणाली. "मी घेणार नाही."

"मॅडम, नुसतं पाणी—"

"नुसतं पाणी नाही ते. मी मान खाली घातली की मी कबूल केलं, की माझ्या आईनं मला ह्या दारातून कधी आत आणलंच नाही. थंडीत दुपट्यात गुंडाळून ठेवलं आणि विसरली. माझी आई! जी दर आठवड्याला चर्चची जमीन गुडघ्यांवर बसून पुसायची! तिनं मला आणलं होतं. मला आठवणार नाही, पण मला माहीत आहे. मी तिला ह्या वयात खोटी पाडणार नाही."

"पण पुरावा नाही," मोजणीदार म्हणाला.

"शपथेवर सांगणारा एक साक्षीदार पुरतो," फादर म्हणाले. "पण तेव्हा हजर असलेला हवा. धर्ममाता, धर्मपिता..."

"केव्हाच गेले सगळे," मोजणीदार म्हणाला.

 सून खिडकीपाशी उभी राहून सासूकडे बघत होती, अगदी सरळ, लपवाछपवी न करता. थोरली पर्सची कडी उघडत होती, बंद करत होती.

धाकटी वळली. "सगळे नाही गेले. ताई, तू नऊदहा वर्षांची होतीस."

"मी आईला शब्द दिलाय," थोरली म्हणाली.

"कसला शब्द?"

"दिलाय. बास."

"आईच्या मागे लपू नकोस गं! आईला जाऊन किती काळ लोटला. तुला मी जायला नकोय. तसं सरळ म्हण ना. महिनाभर घुम्यासारखी बसली आहेस."

"नकोच आहे!" थोरली एवढ्या जोरात म्हणाली की फादरांच्या हातून पेन सुटलं. "नकोयस तू जायला. झालं समाधान? सगळ्यांनी ऐकलं? म्हातारपणी मला टाकून त्या नळ्या फुंकणाऱ्याकडे निघालीस, लाज वाटत नाही?"

"नाही वाटत!"

"मी फुंकत नाही, ते भात्यावर—" मास्तर म्हणाले, आणि दोघी बहिणींनी एकाच वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले.

मोजणीदाराला वाटलं, आता आपण मध्ये पडावं. तो नेहमी अशाच वेळी मध्ये पडायचा आणि नेहमीच चुकीच्या जागी पडायचा. "आई, चिडू नकोस. सरळ गोष्ट आहे. आजी तेव्हा खचली होती, तूच एकदा म्हणाली होतीस ना, की डोक्यावर परिणाम झाला होता. अशा बाईनं दुसऱ्या मुलीचा बाप्तिस्मा केला नसेलच. राहून गेला असेल. फादर म्हणतात तसं पाणी घालून घेऊ दे मावशीला, विषय संपला."

थोरलीनं पर्स टेबलावर ठेवली.

"काय म्हणालास?"

"म्हणजे, राहून गेला असेल."

"राहून गेला असेल? माझ्या आईकडून?" ती उठली. मोजणीदारानं हात पुढे केला तो तिनं झटकला. "तू पुस्तकं चाळलीस रे हिवाळाभर, मला एकदा विचारलंस? राहून कसा जाईल? मी होते तिथे! ह्या भिंतीपलीकडे त्या बाप्तिस्म्याच्या कुंडाशी मी उभी होते, आणि माझ्या हातात मेणबत्ती होती."

धाकटी भिंतीला टेकली.

"एवढी थंडी होती," थोरली म्हणाली, आता फादरांकडे बघून, कारण बहिणीकडे बघून तिला बोलता आलं नसतं, "की कुंडातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. तेव्हाच्या फादरांनी माझ्याकडून मेणबत्ती हिसकावली आणि तिच्या बुडानं टकटक करून बर्फ फोडला. माझी मेणबत्ती विझली म्हणून मी रडले. ही नाही रडली. एवढं गार पाणी डोक्यावर पडलं तरी नाही. हिनं त्यांच्या बाहीची लेस धरली ती सोडेचना. शेवटी बाबांनी एकेक बोट उलगडलं."

"मग नोंद?" फादरांनी हळूच विचारलं.

"कारकून तेव्हा चिठ्ठीवर नाव लिहून घ्यायचा, आणि शनिवारी रजिस्टरात चढवायचा. आई शनिवारी त्याच्याकडे गेली. मला हाताला धरून. म्हणाली, हे नाव आहेच की पुस्तकात, पुन्हा कशाला लिहिता? त्यानं मागची पानं उलटली. नाव होतं. आईबाप तेच. त्यानं दफनाचं पुस्तक उघडलं नाही. चिठ्ठी चुरगळली आणि शेगडीत टाकली." थोरलीनं श्वास घेतला. "घरी येताना आई म्हणाली, दोन ओळी लिहिल्या की दोन मुली होतात, त्यातली एक मेलेली. एकच ओळ असली की एकच मुलगी. ती कुठे गेली नव्हती, ती परत आली. कोणाला बोलायचं नाही. मी म्हटलं, बरं. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. मलाही ती परत यायला हवी होती."

सून रडत होती. थोरली रडत नव्हती. ती रागानं लाल झाली होती, आणि हा राग नेमका कोणावरचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे माझा जन्म थंडीतला," धाकटी म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही दर उन्हाळ्यात मला घामाघूम करून केक कापायला लावलात."

"तुला केक आवडायचा."

"ताई, तू एवढी वर्षं..."   धाकटी बहिणीपाशी गेली आणि तिनं तिच्या बाहीची कड मुठीत धरली. "मी कुठे जातेय गं? चार गल्ल्या पलीकडे. रोज सकाळी येऊन तुला उठवीन, तू शिव्या दिल्यास तरी."

"बोलू नकोस माझ्याशी," थोरली म्हणाली. पण बाही सोडवून घेतली नाही.

फादरांनी बायबल पुढे केलं. थोरलीनं हात ठेवून तेच सगळं पुन्हा सांगितलं, बर्फासकट, लेससकट. मग फादरांनी जुनं रजिस्टर पुढे ओढलं. "अशी नोंद मूळ ओळीच्या समासात करू. जागा आहे. दोन्हीचा संबंधही राहील."

"नाही," धाकटी म्हणाली.

"मॅडम, सोयीचं—"

"तिच्या ओळीवर मी खूप राहिले. तिला कोणी काही दिलं नाही, एवढा समास तरी तिचा तिला राहू दे. मला माझी ओळ पाहिजे. नवीन. कुठे बसते ते तुम्ही बघा."

फादरांनी चालू वर्षाचं रजिस्टर काढलं. शेवटची नोंद कालचीच होती, खाटकाच्या नातवाची. त्याखालची जागा रिकामी होती.

"ह्याच्याखाली येईल मग."

"चालेल. त्याला सांगा, मोठा झाला की गाडी शिकायला ये."

फादर लिहू लागले. नाव, आईबाप, जन्म त्या हिवाळ्यातला, बाप्तिस्मा त्याच हिवाळ्यातला. सूरमास्तर दारातून आत येऊन धाकटीच्या खांद्यावरून वाचत होते. "समास रुंद सोडा फादर, आम्हाला लागणार आहे," ते म्हणाले, आणि ह्या वेळी कोणी त्यांना गप्प केलं नाही.

"साक्षीदार," फादर लिहिता लिहिता पुटपुटले, "नातं, सख्खी बहीण. ह्या दोघी बहिणी—"

"तिघी," थोरली म्हणाली.

फादरांनी वर पाहिलं.

"आम्ही तिघी बहिणी. मधली तुमच्या पुस्तकात आहे, दोन ठिकाणी आहे. तसं लिहा, आणि मग मला पेन द्या."

त्यांनी तसं लिहिलं. तिनं सही केली, मोठ्या अक्षरात, ओळीबाहेर जाईल एवढी. पेन ठेवलं आणि मुलाकडे वळली. मोजणीदार खुर्चीत खिळून बसला होता. गेल्या अर्ध्या तासात तो मनातल्या मनात वंशवृक्षावर चौकटी सरकवून बघत होता, आणि त्या कुठेच बसत नव्हत्या.

"आई, फ्रेमवाल्याकडे कागद गेलाय," तो म्हणाला. "पक्क्या शाईत आहे सगळं. तुझी चौकट, मावशीची चौकट, दोन्ही अगदी चिकटून आहेत. मध्ये तिसरीला जागाच नाही."

"मग नवा कागद आण," थोरली म्हणाली.